कोन बिमार शे?

आमच्या घरात कारणाशिवाय कोणी प्रवास केला नाही. लग्न, मयत, दवाखाना, परीक्षा, यांतलं काही असेल तरच पिशवी भरली जायची. धुळ्याला माझं कॉलेजात नाव घालायचं होतं तेव्हा नाना, म्हणजे माझे वडील, सोबत आले आणि काम होईपर्यंत फाटकाबाहेर निंबाखाली बसून राहिले. घराण्यातली पहिली पदवी मला मिळाली ती त्या बसण्यामुळे, असं मी आजही मानते.

आता मी जळगावात नोकरी करते. पिंप्राळ्यात घर आहे आणि आई गेल्यापासून नाना माझ्याकडेच असतात. मागच्या हिवाळ्यात ऑफिसातल्या तरुण मंडळींनी यावलच्या पुढे सातपुड्यात ट्रेक ठरवला. जंगलातून चालायचं, दोर धरून कडा उतरायचा.

"याला सहल का म्हणत नाही तुम्ही?" मी विचारलं.

"सहलीत भजी खातात, मॅडम," शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली. "इथं पोटात गोळा यायला पाहिजे. तरच ते साहस."

"गोळा तर मला एसटीतही येतो."

"मग तुमची निम्मी तयारी झालेली आहे."

मी नाव दिलं. नुसतं मन झालं म्हणून कुठे जायचं, हे चाळिशी ओलांडल्यावर पहिल्यांदाच घडत होतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी नानांना सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"यावलले? कोन बिमार शे?"

"कोणी नाही, नाना. डोंगरात फिरायला जातोय."

"डोंगरमा काय शे?"

यावलला माझी मोठी बहीण दिलेली आहे. नानांचं मन थेट तिच्या दारात जाऊन उभं राहिलं होतं. मी तिला फोन लावून दिला. ती बोलली, हसलीसुद्धा. फोन ठेवून नाना म्हणाले, "तिना आवाज बशेल व्हता."

त्यांना तरी काय म्हणायचं? आई गेली तेव्हा शेतातून त्यांना बोलावताना आम्ही एवढंच सांगितलं होतं, की तिला जरा चक्कर आली आहे. आमच्याकडे वाईट बातमी अशीच सांगतात, आणि ज्याला सांगायची तो पायात चप्पल घालतानाच ओळखतो. बहिणीच्या फोननंतर त्या रात्री नाना जेवले नाहीत.

सकाळी मी पाठीवर सॅक अडकवून बाहेर आले, तर ते धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून ओट्यावर बसलेले.

"मी बी येस."

ऑफिसची गाडी चौकात थांबली होती. येत नाही म्हणून मी फोन केला आणि आम्ही दोघं एसटीनं निघालो. दोन्ही बाजूंनी केळीचे मळे मागे जात होते, पण नानांनी एकदाही बाहेर पाहिलं नाही. तापीच्या पुलावर त्यांनी पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला.

बहीण अंगणात धान्य पाखडत होती. आम्हाला पाहताच तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

"नाना, कोन ग्या?"

नाना तिच्याकडे बघत राहिले. मग खाटेवर बसले आणि हसायला लागले. कोणी गेलं नाही, नुसतेच आलो, असं मी सांगितल्यावर तिलाही हसू आलं, पण डोळे पुसत ती म्हणाली, "बिनकामना उनात? मंग जेवाले तरी बसा."

तिनं ज्वारी-उडदाच्या पिठाची, कळण्याची भाकरी केली. जेवताना मागच्या दारातून सातपुडा दिसत होता. आमची मंडळी आता त्या कड्यावर असतील, असं मनात आलं. समोर नाना दुसरी भाकरी मागत होते. मला वाटलं, झालं, काळजीतून सुटले बिचारे.

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले. पूल मागे पडल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला.

"ती बरी शे. बठ्ठा बरा शेतस," मनात सगळ्यांची मोजणी करून ते हळू म्हणाले. "मंग खरं सांग, माय. तुलेच काही व्हयेल शे का?"

मी नाही म्हटलं. त्यांच्या गळ्याची शपथ घेऊन नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण जळगाव येईपर्यंत हात सोडला नाही.

तेव्हापासून घराबाहेर निघायचं असलं की मी आधी एखादं कारण तयार ठेवते.