लिबियाची बातमी

पाटलांनी पेपर माझ्या पायाशी टाकला. हातात द्यायचा नसतो म्हणून. मी तो धुळीतून उचलला, झटकला आणि ओट्याखाली उभी राहून वाचायला लागले.

ओट्यावर चाकणचे पाहुणे बसले होते. पाटील त्यांना म्हणाले, "ऐका आता. महाराची सून पेपर वाचती."

पाहुणे हसले. दारात अस्वलवाला आला की हसतात तसे.

मी माहेरी चौथीपर्यंत शिकलेली. लग्न होऊन निघोज्यात आले. नवरा खडकीला कारखान्यात. पाटलांना डोळ्यांनी नीट दिसेना, त्यांचा मुलगा शिकायला पुण्यात. म्हणून मला बोलावणं यायचं. लाज याची वाटते, की मला ते आवडायचं. जायच्या आधी मी केस विंचरायची. धुतलेलं लुगडं नेसायची. वस्तीत सांगत फिरायची, पाटलांचं माझ्यावाचून अडतं.

त्या दिवशी बातमी लिबियाची होती. आफ्रिकेतला देश. नुकताच स्वतंत्र झालेला, गादीवर राजा, आणि आता पार्लमेंटची पहिली निवडणूक. शहरात मत गुप्त. खेड्यात मात्र अधिकाऱ्यासमोर तोंडानं नाव सांगायचं. बायकांना मतच नाही.

एक पाहुणा म्हणाला, हे बरंय, कोण कुणाचा ते तिथंच कळतं.

आपलंही पहिलं मतदान नुकतंच झालेलं, दर उमेदवाराची पेटी वेगळी. पाटील म्हणाले, आपल्याकडं तरी काय निराळं? माझी सासू गोठ्यापुढं झाडत होती. त्यांनी तिला हाक मारली.

"म्हातारे, कुणाच्या पेटीत टाकलंस गं?"

सासू वाकलेली तशीच थांबली. "तुमी सांगितलं त्याच्याच की, धनी."

सगळे हसले. सासूपण हसली. मान खाली घालून.

लिबियातल्या खेडुतांना निदान कायद्यानंच बोलायला लावलं होतं. आम्हाला पडदा होता, पेटी होती, कायदा आमच्या बाजूनं होता. तरी ती शेणात उभी राहून आपलं मत सांगत होती. आणि मी? मी त्यांची करमणूक करत होते. विंचरलेल्या केसांनी.

"आन् तू गं?" पाटलांनी विचारलं.

"ते सांगायचं नसतं."

मग पाटील म्हणाले, "बरं, ऱ्हाऊ दे. पुढं वाच."

"न्हाई वाचत."

मी पेपर ओट्यावर ठेवला. माझा हात ओट्याला लागला तसे पाहुणे मागं सरकले.

दुसऱ्या दिवसापासून सासूचं काम बंद. ती रडली. म्हणाली, वाचलं असतंस तर तुझं काय गेलं असतं? मग नवऱ्यानं आम्हाला चिंचवडला आणलं, स्टेशनापलीकडं पत्र्याच्या खोलीत. तिथंही ती बरेच दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

पुढच्या निवडणुकीला आम्ही दोघी शाळेत गेलो. ती पडद्याआड एकटी गेली. बाहेर आली आणि सवयीनं मला सांगायला लागली, कुणाच्या पेटीत टाकलं ते.

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. "मलाबी सांगू नका, आत्या."



मी माझं मत कुणाला सांगत नाही. नवऱ्यालाही नाही. आणि वाचते ती माझ्यासाठी, नाहीतर वस्तीसाठी. कुणाच्या ओट्याखाली उभी राहून आता एक अक्षर वाचणार नाही.