मामाजींच्या टीव्हीवर काही दिसेना

त्या पावसाळ्यात माझ्या घरच्या सर्व्हरचं नेटवर्क तीन आठवडे बंद होतं, आणि ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

सर्व्हर म्हणजे फार मोठं काही नाही. एका ऑफिसातून बाद झालेला जुना कंप्युटर, त्यात दोन हार्ड डिस्क आणि त्यांवर लग्नापासूनचे सगळे फोटो अन् व्हिडिओ. आलापल्लीत मी दोन खोल्यांत भाड्यानं राहतो. आतल्या खोलीत एका स्टुलावर तो ठेवलेला असतो आणि त्याचा पंखा दिवसरात्र घरघरत असतो. घरात माझ्याशिवाय आवाज करणारं तेवढंच आहे.

रात्रीतून वीज चारपाचदा गेली-आली. सकाळी पाहिलं तर राऊटरवरचा त्याचा दिवा बंद होता. पुढच्या रविवारी पाहू, असं म्हटलं. तो रविवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. मी इथल्या ऑफिसांमधले कंप्युटर दुरुस्त करायचं कंत्राटी काम करतो. दिवसभर लोकांचे प्रिंटर आणि प्रोग्राम नीट केल्यावर घरी पुन्हा तेच करायचा कंटाळा येतो, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं कारण वेगळं होतं. ते फोटो पाहणारं कोणी राहिलंय असं मला वाटत नव्हतं. बायको मला सोडून गेली त्याला चार वर्षं झाली होती.

आमची भांडणं म्हणावीत अशी भांडणंसुद्धा झाली नाहीत. तिला हैदराबादला नोकरी लागली. इथलं काम सोडून तिकडे जावं की नाही हे ठरवायला मी दोन वर्षं लावली आणि तिसऱ्या वर्षी तिनं 'ये' म्हणणं सोडून दिलं. मग मिटवामिटवीसाठी तिच्या माहेरी, चामोर्शीकडच्या गावात, बैठक बसली. तिचे वडील, म्हणजे माझे मामाजी, सगळ्यांसमोर बोलून गेले, "चूक माह्या पोरीची आहे."

तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. मी मान खाली घालून सतरंजीची शिवण पाहत बसलो. ती उठली, चप्पल घातली आणि सरळ निघून गेली. त्या दिवसापासून ती वडिलांशीही बोलेनाशी झाली. पुढे कागदोपत्री सगळं शांतपणे झालं.

तिसऱ्या रविवारी मी बाजारातून भाजी घेऊन आलो तेव्हा मामाजी माझ्या ओट्यावर बसलेले होते. मांडीवर कापडी पिशवी, बाजूला मिटलेली छत्री. त्या बैठकीनंतर आम्ही एकमेकांना पाहिलं नव्हतं. ते बरेच वाळले होते.

"मामाजी, तुमी? कधी आले?"

"आत्ताच आलो जी."

शेजारच्या बाई दारातून म्हणाल्या, "आत्ताच काऊन म्हणता? नऊ वाजल्यापासून बसून राह्यले ते. चहा देतो म्हटलं तं घेतला बी नाई."

अकरा वाजून गेले होते. मी कुलूप काढलं, त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. ते पाणी प्यायले आणि पिशवीतून पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. पंचा उलगडला. आत टीव्हीला जोडायचा छोटा काळा डबा, त्याची वायर आणि रिमोट. रिमोटला प्लास्टिकची पिशवी घालून वरून रबर लावलेलं होतं.

तो डबा मीच त्यांच्या घरी बसवला होता. सासूबाई गेल्यावर मामाजी घरात एकटेच राहायचे. थोडं धान पिकवायचं, तळ्यातली मासोळी धरायची, एवढंच. बाबांना मोबाईलवरचे फोटो दिसत नाहीत, टीव्हीवर दिसतील असं काहीतरी कर, असं बायकोनं मला सांगितलं होतं. त्यांच्या गावात टॉवर आला होता. मी सिम टाकायचा राऊटर लावला, डबा लावला आणि माझ्या सर्व्हरवरचे फोटो त्यांच्या टीव्हीवर उघडतील अशी सोय करून दिली. घटस्फोटानंतर ती जोडणी काढून टाकायचं माझ्या लक्षातच आलं नाही. किंवा आलं असेल, पण हात गेला नाही.

"टीवीवर काईच येऊन नाई राह्यलं," मामाजी म्हणाले. "मले वाटलं टीवी बिघडला. मिस्त्रीले दाखवला. तो म्हणे टीवी चांगला आहे. मंग म्हटलं हा डबाच खराब झाला असन. म्हणून घेऊन आलो."

"फोन करायचा होता ना मामाजी. एवढ्या दूर..."

"फोनवर का सांगू?" ते म्हणाले.

आष्टीला गाडी बदलून, त्या रस्त्यानं, भर पावसात हा माणूस पहाटेचा निघाला होता. आणि डबा मुळीच बिघडलेला नव्हता. बिघाड माझ्या घरात, त्या स्टुलावर होता, आणि तीन आठवडे मी त्याच्यासमोरून ये-जा करत होतो. हे त्यांना सांगणं भाग होतं. मी सांगितलं. ते म्हणाले, "तुमाले कामं असतेत."

मी जुना मॉनिटर काढून सर्व्हरला जोडला. कीबोर्डवरची धूळ मामाजींनी त्याच पंच्यानं पुसून दिली आणि खुर्ची ओढून बाजूला बसले. आधी वायर बदलून पाहिली. राऊटरचं भोक बदललं. सर्व्हरमागे, वायर खोचतो तिथं, दोन बारीक दिवे असतात. ते मेलेलेच होते. मग लक्षात यायला लागलं. या कंप्युटरचं मूळ नेटवर्क कार्ड दोन वर्षांपूर्वी वीज कडाडली तेव्हा जळालं होतं आणि मी त्यात एक स्वस्तातलं वेगळं कार्ड बसवलं होतं. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, तयार मिळत नव्हता, म्हणून मी तो हातानं बनवून घातला होता. त्या रात्री वीज जाऊन-येऊन मशीन पुन्हा सुरू झालं, तेव्हा आधीच उतरून बसलेलं नवं अपडेट लागू झालं होतं. कार्ड जागच्या जागी होतं, पण माझा जुना ड्रायव्हर त्या नव्या सिस्टीमला चालत नव्हता.

"का झालं?" मामाजींनी विचारलं.

"कार्ड चांगलं आहे. ते कसं वापरायचं हे कंप्युटरला सांगणारा प्रोग्राम गेला. तो परत बनवा लागते."

"बनते न?"

"बनते."

पण अडचण अशी होती की ड्रायव्हर बनवायला लागणारं सामान इंटरनेटवरून घ्यायचं आणि इंटरनेट तर त्या ड्रायव्हरशिवाय नाही. मग मी माझा मोबाईल वायरनं सर्व्हरला जोडला आणि त्याचं नेट वापरलं. आमच्याकडे पावसात रेंज येते-जाते. मोबाईल खिडकीच्या गजांत टेकवून ठेवावा लागला आणि वायर पुरेना, म्हणून स्टूलच खिडकीशी सरकवलं. मामाजी उठून मोबाईलला हात लावून उभे राहिले, पडू नये म्हणून.

"बसा मामाजी, पडत नाई तो."

"राहू द्या. मले का काम आहे?"

पहिल्यांदा बनवायला घेतलं ते अर्ध्यात अडकलं. नव्या सिस्टीमच्या काही फाइली आणायच्या राहिल्या होत्या. त्या उतरत असताना वीज गेली. अर्धा तास आम्ही दोघं काळ्या पडद्यासमोर बसलो. घरघर थांबल्यावर पत्र्यावरचा पाऊस मोठा वाटायला लागला. मी भात टाकला. मामाजींनी पिशवीतून सुकवलेले झिंगे काढले आणि मला बाजूला करून स्वतःच तव्यावर भाजून, लसूण-मिरची वाटून चटणी केली. जेवताना आम्ही धानाबद्दल बोललो, रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, माणसं मिळत नाहीत त्याबद्दल बोललो. मग त्यांनी ताटात पाहत विचारलं, "तिचा फोन येते का तुमाले?"

"नाई."

"मलेबी नाई."

त्यांनी भातावर चटणी घेतली. मीही घेतली.

वीज आली. दुसऱ्यांदा ड्रायव्हर नीट बनला. मागचे दोन्ही दिवे लागले, एक हिरवा, एक लुकलुकणारा. मामाजींनी ते माझ्याआधी पाहिले आणि म्हणाले, "लागले जी!" तरीही सर्व्हर नेटवर्कवर येईना. आणखी तासभर गेला, तेव्हा कळलं की नव्या सिस्टीमनं कार्डाचं नावच बदललं होतं आणि सगळी माहिती जुन्या नावावर लिहिलेली होती. नावातली दोन अक्षरं बदलली आणि झालं.

तपासून पाहायला मी त्यांचा डबा माझ्या मॉनिटरला जोडला. "कोणता फोटो उघडू?" असं विचारत होतो, तेवढ्यात त्यांनी रिमोटवरची प्लास्टिकची पिशवी न काढताच बटणं दाबायला सुरुवात केली. खाली, खाली, उजवीकडे, खाली. बोटांना सगळं पाठ होतं. एक व्हिडिओ सुरू झाला.

तो मीच काढलेला होता आणि पार विसरलो होतो. मामाजींच्या अंगणात ती त्यांना नवा मोबाईल शिकवते आहे. बाकी त्यात काहीच नाही. फोन वाजला की काय करायचं, एवढंच ती परत परत सांगते. "बाबा, तसं नाई. हिरवं बटन. दाबायचं नाई, सरकवायचं. अजून एकदा." मामाजी फोन कानाला उलटा लावतात. ती कपाळाला हात लावते. मागून माझा आवाज येतो, "थांब, मी सांगतो त्यांना," आणि ती कॅमेऱ्याकडे न पाहता म्हणते, "तू गप. माझे बाबा आहेत, मी शिकवते." मग ती घरात जाऊन तिथून फोन लावते. मामाजी हिरवं बटण सरकवतात आणि मोठ्यानं म्हणतात, "हालो, कोण बोलून राह्यलं?" आतून तिचं हसू ऐकू येतं, फोनमधूनही आणि दारातूनही.

तिथं मामाजी हसले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिचा आवाज मी चार वर्षांत ऐकला नव्हता. माझ्या घरात, माझ्याच डिस्कवर तो होता आणि ऐकण्यासाठी एक माणूस दोन बस करून आला होता.

"रोज पायता का मामाजी?"

"रोज नाई," ते म्हणाले.

पाचच्या गाडीला मी त्यांना मोटारसायकलवर स्टँडपर्यंत सोडलं. डबा पुन्हा पंच्यात गुंडाळून दिला. गाडीत चढताना ते म्हणाले, "तुमचा रविवार गेला." मी म्हणालो, गेला तर गेला. परत येऊन सर्व्हरवरच्या नोंदी उघडून पाहिल्या, ज्या मी कधीच पाहत नसे. दुपारी तीनच्या सुमाराला, त्यांच्या डब्यावरून, तोच एक व्हिडिओ. रोज. ड्रायव्हर गेला त्या दिवसापर्यंत एकही दिवस चुकलेला नव्हता.

दोन दिवस मी विचार करत राहिलो. मग तिला मेसेज लिहिला. तिचा नंबर बदललेला असेल असं वाटत होतं, पण मेसेज गेला. बाबा येऊन गेले, रोज तो मोबाईलवाला व्हिडिओ पाहतात, हे लिहिलं. आणि लिहिलं की बैठकीत मी बोलायला हवं होतं, चूक तुझी एकटीची नव्हती, ते तेव्हा सांगितलं असतं तर बाबांवरचा तुझा राग राहिला नसता. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'व्हिडिओ पाठव.' मी पाठवला. त्यावर तिचं काही आलं नाही आणि मी विचारलं नाही.

दिवाळीच्या आधी मामाजींचा फोन आला. "तिचा फोन आला होता," ते म्हणाले. "दोनच मिनिटं बोलली. गुडघा कसा आहे म्हणे." त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. मग ती आठवड्यातून एकदा फोन करायला लागली, हेही त्यांनीच सांगितलं. दुपारच्या नोंदी विरळ होत गेल्या. आधी एक दिवसाआड, मग आठवड्यातून एखादी, आणि जानेवारीत बंदच झाल्या. मला वाटलं, पुन्हा ड्रायव्हर गेला की काय. मी मुद्दाम मशीन तपासलं. सगळं नीट होतं.

उन्हाळ्यात मामाजींच्या डोळ्याचं ऑपरेशन गडचिरोलीला झालं. मला चामोर्शीच्या एका ओळखीच्या माणसाकडून कळलं. दोन दिवसांनी मी फोन केला. त्यांनी पट्टी निघाल्याचं सांगितलं, सगळं लख्ख दिसून राह्यलं म्हणाले. ते बोलत असताना मागे भांडी वाजली आणि कोणीतरी विचारलं, "बाबा, कोणाचा फोन आहे?"

तो आवाज मी ओळखला.

मामाजी फोनपासून तोंड थोडं वळवून म्हणाले, "कोणी नाई. ते कंपूटरवाले आहेत."

त्यांची पावलं वाजली. ते अंगणात आले असावेत, कारण मागचे आवाज दूर गेले. मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, "जेवले का तुमी?"

मी हो म्हणालो.