दोन पांढऱ्या रेघा

दाजी गेल्याला दीड महिना झाला. उदगीरहून ताईचा फोन आला तेव्हा मला आधी रडू नाही आलं, राग आला. तो अजून आहे. गेलेल्या माणसाचे गोडवे गायला मला जमणार नाही...

दाजी शिंपी. वर्षातून तीन-चारदा त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा लालबुंद सुजायचा, चादरसुद्धा टेकू द्यायचे नाहीत. "वात हाय, जाईल," म्हणत मेडिकलवरून दुखणं मारायची लाल गोळी आणायची, गिळायची आणि पुन्हा मशीनवर बसायचं. आठ वर्षं हेच. गल्लीतला प्रत्येक शहाणा नवं तेल सांगायचा आणि हा भला माणूस ते चोळायचा. शेवटी ताईनं भांडून त्यांना माझ्यासोबत लातूरला पाठवलं. डॉक्टर म्हणाले, सांध्यात युरिक ॲसिडचे खडे साचलेले दिसतात. अंगठ्याची सोनोग्राफी करा, म्हणजे पक्कं कळेल, औषधानं कमी होतात का तेही पुढं बघता येईल.

सोनोग्राफीच्या बाकावर सगळ्या पोटुशा बाया. दाजी दारातच थबकले. दाजींची थट्टा करायचा मेव्हण्याला हक्कच असतो, तो मी बजावला. "दाजी, कितवा महिना?" बाया हसल्या. दाजी वळले ते थेट स्टँडवर. "मी काय बाईमाणूस हाय का रे? न्हाई करायची." पुढं दोन वर्षं ताई हातापाया पडली. न्हाई म्हणजे न्हाई. एवढा कसला ताठा? लाल गोळी मात्र चालूच.

त्या गोळ्यांनी किडन्या गेल्या. तेव्हा त्या बघायला दाजी निमूट त्याच सोनोग्राफीच्या टेबलावर आडवे झाले. ताईनं विनवलं म्हणून सोनोग्राफीच्या मॅडमनी अंगठाही बघितला. पडद्यावर हाडाच्या कडेला एक रेघ हवी, तिथं दोन पांढऱ्या रेघा होत्या. वरची रेघ खड्यांची. औषधानं विरघळतात, आधी यायचं होतं, मॅडम म्हणाल्या. दाजी मान वळवून बघत राहिले. "एवढंच व्हतं व्हय," म्हणाले. माझ्याकडं बघितलं नाही.

परवा उदगीरला गेलो. मशीन जागेवरच आहे. पायानं चालवायच्या पायट्याची डावी बाजू घासून गुळगुळीत, उजव्या बाजूचा रंग तसाच. ताई चहा ठेवत म्हणाली, "दिनू, तवा लातूरहून तपासणी न करताच का परत आले, यांनी शेवटपर्यंत सांगितलं न्हाई बघ. तुला ठाऊक हाय का?"

मी पायट्याकडं बघत म्हणालो, "न्हाई."

ताई रविवारची पुरवणी वाचते, म्हणून इथं लिहिलं.