वडील हयात असताना

महाल भागात राहणाऱ्या मधुसूदन मोहरिलांच्या डोक्यावर आज उतारवयातही दाट केस आहेत. १९६५ साली चार-पाच महिने ते केस नव्हते. त्या दिवसांचा विषय निघाला की मोहरील खाली बघून बोलतात.

त्या उन्हाळ्यात सांधे धरणाऱ्या तापाची साथ होती. मोहरिलांनाही ताप आला; आठवड्यात ते बरे झाले. केस गळू लागले ते पावसाळ्यात. उशीवर, वरणात, कचेरीतल्या फायलींवर केस पडत. ‘तापानंतर होतं असं, परत येतील,’ डॉक्टर म्हणाले. मोहरिलांना ते पटलं नाही. आपल्याला काहीतरी वाईट रोग झाला, या शरमेनं त्यांनी ‘खाजगी कारण’ लिहून बारा दिवसांची रजा टाकली.

रजा संपत आली तेव्हा विरळ डोक्यापेक्षा साफ डोकं बरं, असं त्यांनी ठरवलं. वडील, विश्वनाथराव, हयात. त्यामुळे गल्लीतला न्हावी वस्तरा लावेना. मोहरील सीताबर्डीत अनोळखी न्हाव्याकडे गेले.

‘कोण गेलं?’ त्यानं विचारलं. मोहरिलांनी डोकं पुढे केलं. न्हाव्यानं रीतसर शेंडी राखली.

घरी विश्वनाथरावांनी डोकं पाहिलं आणि ताटावरून उठले.

कचेरीत चपराशी देवरावनं दारातच गाठलं. ‘बाबूजी, इतकं झालं अन् सांगतलं काहून नाही? आमी का परके हो?’ मोहरिलांनी मान खाली घातली. केसांचं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं, अशी कबुली ते आजही देतात.

संध्याकाळी चौघं सहकारी घरी आले. दार विश्वनाथरावांनीच उघडलं. हे कोणी काका असावेत असं धरून हेडक्लार्क हळू आवाजात म्हणाले, ‘फार वाईट झालं. वय काय होतं?’

‘कोणाचं?’

‘मधुसूदनच्या वडिलांचं.’

विश्वनाथरावांनी वळून मुलाकडे पाहिलं. ‘चौऱ्याहत्तर. अजून चालू आहे. बसा, चहा घ्या.’

चहा कोणी घेतला नाही. ते गेल्यावर मुलगा पाया पडायला वाकला. वडिलांनी पाय मागे घेतले.

सकाळी धुतलेलं धोतर आणि काळी टोपी घालून विश्वनाथराव मुलाबरोबर कचेरीत गेले आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसले. येणाऱ्या-जाणाऱ्याला नाव सांगून नमस्कार करत होते.

दुपारी मोहरील म्हणाले, ‘बाबा, आता घरी जा.’

‘सगळ्यांनी पाहिलं?’

टायपिस्ट तेवढा रजेवर होता. म्हणून विश्वनाथराव दुसऱ्या दिवशीही आले.