नवनाथ सरांची टीईटी

आमच्या शाळेत शिक्षक दोनच. पहिली-दुसरी माझ्याकडे आणि तिसरी-चौथी नवनाथ सरांकडे. खिडकीतून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुराडी दिसतात. सर इथलेच. घरी शेवंती आणि वांगी. धाकटा भाऊ भारत शेती बघतो, पण दसरा-दिवाळीला सरही फुलं तोडून मगच शाळेत येतात. वीस वर्षं नोकरी झाली, पण कधी कुणावर आवाज चढवला नाही. माझा रोज चढतो, म्हणून मला त्याची किंमत कळते.

अशात कोर्टाचा निकाल आला, की नोकरीत असलेल्या शिक्षकांनीही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास करायची, नाहीतर घरी बसायचं. ज्यांची निवृत्ती पाच वर्षांच्या आत आली, तेवढे सुटले. मी सुटले, सर अडकले. त्यांची अजून पंधरा वर्षं बाकी, थोरली शुभांगी नर्सिंगला, धाकटा दहावीला. सुटल्याचा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण सरांचं तोंड बघितलं आणि आणलेले पेढे पिशवीतच ठेवले.

मराठी, गणित, परिसर यांची सरांना काळजीच नव्हती. गाडं अडलं ते बालमानसशास्त्रात. डी.एड.ला सगळं वाचलं होतं, पण त्यानंतर पोरं समोर आली आणि पुस्तक कपाटात गेलं. मग शहरात द्वारका चौकात रविवारचा क्लास लावला. दर सोमवारी सर नवीन घोळ घेऊन यायचे.

एकदा खिचडी वाढताना म्हणाले, पाढे पाठ म्हटले की मी गृहपाठ माफ करतो ना, ते ऋण प्रबलन निघालं. मी विचारलं, म्हणजे वाईट? तर म्हणे नाही, चांगलंच, पण ऋण. मग शिक्षा कुठली? ती वेगळी. वेगळी कशी, ते त्यांना समजावता येईना आणि मला समजेना. आम्ही दोघं मास्तर माणसं हातात पळी घेऊन विचार करत उभे, आणि पोरं रिकामी ताटं घेऊन ओळीत. शेवटी मीच ओरडले, की आधी वाढा, मग बघू.

पुढे पुढे हा घोळ वर्गात शिरला. एखाद्यानं सात आठे चोपन्न म्हटलं, की पूर्वी सर हसून म्हणायचे, छप्पन्न रे बाबा, चल पुढे. आता खडू धरून तसेच थांबायचे. उत्तर सांगावं, तर पोरानं स्वतः ज्ञान रचलं नाही. विचारत बसावं, तर बाकीची पोरं धिंगाणा घालणार. गप्प राहावं, तर ते कशात बसतं कोण जाणे. चिमणाबाई म्हणून एक पालक आहे, ती सरांना काही न बोलता थेट माझ्याकडे आली. म्हणाली, ‘सर आजारी हाय का वो? पोरगी म्हणते, लय येळ नुसते उभेच राहत्यात.’ काय सांगणार होते मी कपाळ!

सराव परीक्षेत तर कहरच. त्या पेपरात निम्मे प्रश्न असे, की अशा वेळी शिक्षक म्हणून तुम्ही काय कराल? सर भला माणूस. विचारलंय ना काय कराल, मग जे खरंच करतात त्यावरच खूण करायचे. आणि ते चुकायचं. पोरगं उशिरा आलं, तर सर म्हणतात, बस गपचूप. पुस्तक म्हणतं, कारणांचा शोध घ्या. पोरगं अडलं, तर सर सांगून मोकळे. पुस्तक म्हणतं, सूचक प्रश्न विचारा. असं पानामागून पान लाल झालं. शेवटी सरांनी स्वतःच एक रीत काढली. आपण जे करतो, तो पर्याय आधी खोडायचा आणि उरलेल्या तिनांतून निवडायचं.

मी म्हटलं, सर, असं कुठं असतं का? डोकं ठिकाणावर आहे ना? तर त्यांनी मला पुढचे सराव पेपर काढून दाखवले. गुण खरोखर वाढले होते. मी हात टेकले.

परीक्षा झाली. उत्तरसूची आली त्या दिवशी शाळा सुटल्यावर सर उत्तरपत्रिकेची कार्बन कॉपी घेऊन माझ्या वर्गात आले, आणि आम्ही लहान बाकांवर अवघडून बसून ताळा केला. दोनदा केला. सर एका गुणानं नापास होत होते. मी म्हटलं, चुकलेले प्रश्न वाचा बघू, एखाद्यावर हरकत घेता येते का पाहू.

त्यात एक असा होता. नवीन आलेलं मूल वर्गात अजिबात बोलत नाही, तुम्ही काय कराल? उभं करून बोलायला लावाल, पालकांकडे तक्रार कराल, तज्ज्ञाकडे पाठवाल, की जवळ बसवून लहान लहान कामं द्याल आणि वाट पाहाल? बरोबर उत्तर चौथं होतं. सरांनी तिसऱ्यावर खूण केली होती.

मी चाटच पडले. मागच्या वर्षी वेदिका नावाची मुलगी आजोळी राहायला आली आणि तिसरीत बसली. दिवाळीपर्यंत तिच्या तोंडून शब्द नाही. मी म्हणत होते, हिला दवाखान्यात दाखवा. सरांनी तिला स्वतःच्या खुर्चीशेजारी बसवलं. फळा पूस, खडू दे, वह्या वाट. प्रश्न एकही नाही. आणि एक दिवस ती आपणहून म्हणाली, ‘गुरुजी, खडू संपला.’ सर वर्ग सोडून मला सांगायला धावत आले होते.

मी म्हटलं, ‘अहो सर, वेदिकाला तुम्ही दुसरं काय केलंत? हे उत्तर तुम्हाला दिसलं नाही?’

‘दिसलं ना. पहिलं तेच दिसलं,’ सर म्हणाले. ‘पण ते तर मी करतो, बाई. मग ते बरोबर कसं असेल?’

मला इतका राग आला, आणि तो कुणावर काढावा तेच कळेना. सरांवर काढवेना. पेपर काढणाऱ्यानं तर उत्तर बरोबरच दिलं होतं. मी उगाच खिडक्या लावत फिरले, डोळे पुसले. म्हटलं, पुन्हा परीक्षा आहे, पुन्हा द्या, मी बसते तुमच्याबरोबर अभ्यासाला. सरांनी मान हलवली. कागदाची घडी करून खिशात ठेवली.

मग अगदी हळू विचारलं, ‘बाई, उद्या पोरं चुकली, तर उत्तर सांगू का त्यांना?’

‘सांगा, सर,’ मी म्हणाले. म्हणाले खरी, पण ते बरोबर सांगितलं की चूक, हे आता मलाही कळत नाही.