दोन बोटांची जागा

कुठलीही बांधलेली वस्तू दिसली की मामा तिच्या गाठीखाली उजव्या हाताची दोन बोटं घालून बघायचे. बोटं सरळ गेली तर मान डोलवायचे. अडकली तर म्हणायचे, "लई आवळलंय. श्वास घिऊ द्या तिला." मग ती दुधाच्या किटलीची दोरी असो, माझ्या हेल्मेटचा पट्टा असो, की सुप्याच्या कंपनीतल्या वॉचमनच्या कुत्र्याचा गळपट्टा.

कुत्र्याची गोष्ट सांगतोच. मामांनी जेवणाच्या सुट्टीत त्याचा पट्टा सैल केला आणि बेटा त्यातून मान काढून जो सुटला, तो थेट कंपनीच्या लॉनवर. मागे वॉचमन, त्याच्या मागे काठी घेऊन माळी. आम्ही पोट धरून हसतोय आणि मामा भाकरीचा तुकडा मोडत शांतपणे म्हणतात, "पळंना का. श्वास घेत पळतंय न्हवं?"

हे दोन बोटांचं वेड त्यांना मीच लावलं. आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सांगताना मला जड जाणार आहे.

आमचं काम इमारतींमध्ये नेटवर्कची केबल टाकायचं. ऑफिसात भिंतीवरच्या चौकोनी डबीत तुम्ही कॉम्प्युटरची वायर खुपसता ना, तो आमचा एक पॉइंट. तिथून निळी केबल छताच्या वर चढते, पत्र्याच्या ट्रेमधून फिरत एका खोलीतल्या लोखंडी कपाटात येते. त्या कपाटाला रॅक म्हणतात. केबली ओढायच्या, जुडगे करून बांधायच्या आणि शेवटी मशीन लावून एकेक पॉइंट टेस्ट करायचा. मशीनवर हिरवं 'पास' आलं की सुटलो. मी भिंगारचा, डिप्लोमा झालेला, म्हणून मशीन माझ्याकडे. मामा माझे नात्यातले नव्हेत, साइटवर सगळेच त्यांना मामा म्हणायचे; पाथर्डीकडचे, सगळी उमर ऊस तोडण्यात गेलेली, म्हणून ओढणं-बांधणं त्यांच्याकडे. पन्नाशीचे होते, पण शिडीवर सरसर चढायचे.

पहिल्याच दिवशी त्यांनी केबलचा जुडगा खाली घेतला, त्यावर गुडघा रोवला आणि असा काही करकचून बांधला की मी ओरडलोच, "अहो मामा, ही केबल आहे, उसाची मोळी नव्हे!"

"मंग? सुटंल की ओ."

मी त्यांना केबलचा तुकडा सोलून दाखवला. आत तारांच्या चार जोड्या, प्रत्येक जोडीला नाजूक पीळ. बाहेरून आवळलं की तो पीळ बिघडतो आणि पॉइंट नापास होतो. "बांधल्यावर खालून दोन बोटं गेली पाहिजेत," मी रुबाबात सांगितलं. मामा त्या तारांकडे बराच वेळ बघत राहिले. "लई नाजूक हाय की," म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी बांधलेल्या एकाही जुडग्यात माझी बोटं अडकली नाहीत. माझी स्वतःची बांधणी एवढी चोख नव्हती, हे तेव्हा कोणाला सांगायला मी काय वेडा होतो?

या नोकरीच्या जिवावर त्यांनी बैल विकले होते. सुप्यात एक खोली घेतली होती. बायको कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायची, मुलगी तिथल्याच शाळेत दहावीला होती. एकदा चहा पिताना म्हणाले, "भाऊ, दिवाळी झाली की आमच्या घराला कुलूप. दरसाल. औंदा पयल्यांदा दिवाळीनंतर आमी तिघं एका जागी हाय." आणि उगीचच हसले. मी बिस्किट बुडवत होतो. मला त्यात एवढं काय, असं वाटलं होतं.

सुप्यातल्याच एका कंपनीची नवी इमारत आम्ही पुरी केली. सगळे पॉइंट मी टेस्ट केले, सगळे पास. दुसऱ्या दिवशी कंपनीचे मोठे लोक येणार होते. आमच्या कंत्राटदार साहेबांचा फोन आला, "रॅकचा फोटो पाठव. झकास दिसला पाहिजे."

मामांनी सैल बांधलेल्या केबली रॅकमध्ये थोड्या फुगलेल्या दिसत होत्या. मी त्यांचे कापडी पट्टे काढून टाकले, प्लास्टिकचे घेतले आणि पक्कडीने एकेक ओढून आवळला. केबली अशा सरळ रांगेत बसल्या की काय सांगू! मामा बाजूला बॅटरी धरून उभे होते. सवयीनं त्यांनी बोटं घालून पाहिली.

"भाऊ, बोटं जात न्हाईत."

"मामा, आता मलाच शिकवणार का तुम्ही?"

त्यांनी पटकन हात मागे घेतला. "तसं न्हाई. तुमाला जास्त म्हाईत."

नियम असा, की बांधणी बदलली तर पुन्हा टेस्ट करायचं. मला कंटाळा आला होता. मी आवळण्याआधीचेच रिपोर्ट पाठवून दिले.

पंधरा दिवसांनी त्या कंपनीच्या इंजिनिअरनं स्वतःचं मशीन लावलं आणि अकरा पॉइंट लाल दाखवले. साहेब तडक नगरहून आले. आम्हा सगळ्यांना रॅकसमोर उभं केलं. "रिपोर्टमध्ये पास आणि इथं फेल? कुणाचं काम हे?"

पुढच्या साइटचा इनचार्ज मला करायचं साहेबांनी दोनच दिवसांपूर्वी कबूल केलं होतं. मी पक्कडीकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, आणि बोट वर छताकडे केलं.

"वर ट्रेमध्ये मामांनी बांधलंय, साहेब. ऊसतोडीचा हात तो. मोळी आवळल्यासारखं आवळतात. टेस्टनंतर छताचं काम चालू होतं, तेव्हा दबलं असेल हळूहळू."

सगळे हसले. तो कंपनीचा इंजिनिअरसुद्धा हसला. हसल्यामुळे ते खरं वाटलं, आणि मीही थोडा हसलो. ते हसणं आठवलं की आजही मला कुठं तोंड लपवावं कळत नाही.

मामा हसले नाहीत. स्वतःच्या हातांकडे बघत होते. मला वाटलं, खरं माहीत असून मला सांभाळून घेतायत. निर्लज्जपणा बघा माझा, मनातल्या मनात त्यांचे आभारही मानले! साहेबांनी त्यांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मामांनी कमरेची पिशवी सोडली, त्यातले केबलचे पट्टे, कात्री, टेपचं बंडल असं सगळं माझ्या हातात दिलं आणि "येतो, भाऊ" म्हणून गेले.

रविवारी मी एकटाच तिथं गेलो. रॅकमधले माझे सगळे पट्टे कापले आणि दोन बोटं सोडून पुन्हा बांधलं. मशीन लावलं. अकराच्या अकरा हिरवे. मग शिडी लावून छताचे पत्रे सरकवले आणि ट्रेभर मामांची बांधणी तपासत गेलो. कुठंतरी एक तरी आवळलेली सापडावी, अशी माझी आशा होती. एकही सापडली नाही.

सोमवारी साहेब म्हणाले, "शाब्बास, मामाचं निस्तरलंस." मी "हो सर" म्हणालो. इनचार्ज झालो.

त्यानंतर मामा दिसले ते एकदाच, त्याच हंगामात, ऐन ऊस-गळिताच्या दिवसांत, श्रीगोंद्याच्या रस्त्यावर. एका शाळेचं काम होतं. केबलचं खोकं मोटरसायकलच्या कॅरियरला बांधून मी निघालो होतो. टपरीवर चहाला थांबलो तर समोर उसाच्या दोन ट्रॉल्या लावून ट्रॅक्टर उभा, आणि टोळीतून डोक्याला फडकं गुंडाळलेला एक माणूस हसत माझ्याकडे येतोय. मागे त्यांची बायको उभी, हातात कोयता. ती हसली नाही.

"भाऊ! तुमी हिकडं कुठं?"

मुलीचं विचारलं. तिला पाथर्डीला आत्याकडे ठेवलं होतं. "जाती का न्हाई शाळंत, देवाला ठावं," म्हणाले. बोलता बोलता ते गाडीच्या मागं गेले आणि त्यांनी खोक्याच्या दोरीखाली बोटं घातली. जाईनात.

"लई आवळलंय, भाऊ," म्हणत त्यांनी गाठ सोडली आणि खोकं नीट बसवून पुन्हा बांधायला घेतलं. खाली मान घालूनच विचारलं, "ते आकरा पॉइंट झालं का ओ पास?"

"झाले."

"कुठं आवळलं हुतं?"

इतका साधा प्रश्न. एका वाक्यात त्या माणसाचा जीव हलका झाला असता. मी गाडीच्या टायरकडे बघितलं आणि म्हणालो, "वरच. ट्रेमध्ये."

"तरी म्या बायकूला म्हनलं," मामा मान हलवत म्हणाले. "ती म्हनती, त्या भाऊनंच केलं आसंल. म्या म्हनलं, त्यानंच तर मला शिकवलं, त्याचं कसं चुकंल? माझाच हात. कुठंतरी ध्यान सुटलं आसंल." मग हसले. "आता बगा, मोळी बी आवळवत न्हाई. हात आपसूक ढिला पडतो. निम्म्या मोळ्या सुटत्यात, मुकादम बोंबलतो."

म्हणजे ते मला सांभाळून घेत नव्हतेच. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता.

ट्रॅक्टरवाल्यानं हाक मारली. मामा धावत गेले आणि मागच्या ट्रॉलीवर, उसाच्या ढिगावर, रस्त्याकडे तोंड करून बसले. मीही गाडी सुरू केली.

आता उसानं भरलेला ट्रॅक्टर आणि तो खड्ड्यांचा रस्ता, किती वेगानं जाणार? सायकलवाल्यानंही गाठला असता. पुढे जायचं, हात करायचा, थांबवायचं आणि म्हणायचं, मामा, तुमचं काही चुकलं नव्हतं, मी आवळलं होतं. एवढंच. मी चांगला अर्धा तास त्या ट्रॉलीच्या मागे मागे गेलो. ओव्हरटेक केलं नाही.

वर बसलेल्या मामांना वाटलं असावं, मला खोक्याची काळजी लागली आहे. त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं वर करून दाखवली आणि मानेनंच विचारलं, बरं हाय ना?

मी मान डोलवली. मग कारखान्याचा फाटा आला, ट्रॅक्टर आत वळला आणि मी सरळ निघून गेलो.