दोन कॉलेजांना दिलेला होकार

कपबशी आधी खाली ठेवा, मगच ऐका. नंतर हसता हसता चहा अंगावर सांडला, तर माझ्या नावानं बोंबलायचं नाही! माणूस किती गाढवपणा करू शकतो, त्याचा नमुना तुमच्यासमोर बसला आहे.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. यवतमाळजवळच्या आमच्या बंजारा तांड्यातला मॅट्रिक झालेला पहिला पोरगा मी, थावरा. आता पुढं कॉमर्स शिकायचं, असं शाळेतल्या गुरुजींनी सांगितलं. कॉमर्स म्हणजे काय, हे तांड्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. खरं सांगू? मलाही नव्हतं!

कॉलेजं दोन. दोन्हीकडून 'या' म्हणून उत्तर आलेलं. नागपूर आपल्या राज्यात, पण तिथं ओळखीचं कुत्रं नाही, वसतिगृहात राहायचं. हैदराबाद आंध्रात, पण तिथं सख्खा मामा, मामीच्या हातची भाकर आणि घरात बोलायला आपली गोरबोली. नागपूरसाठी गुरुजी हटून बसलेले, हैदराबादसाठी मामा.

आमच्याकडं अशा वेळी नायकाला विचारतात. नायक म्हणजे तांड्याचा मुखिया. लग्न कुणाचं कुठं करायचं, विहीर कुठं खणायची, सगळं तोच ठरवायचा. बा मला घेऊन त्याच्याकडं गेला. नायकानं चिलीम ओढली आणि म्हणाला, "म्या कॉलेज पाह्यलं नाई. थावऱ्याचं थावऱ्यानंच ठरवावं."

बाची छाती फुगली. "बेटा, आपल्या घरात आजवर कोणाले कोणी असं विचारलं नाई. ठरव!"

केवढा मान! पण मी मात्र घाबरलो. आम्हाला ऐकायची सवय, ठरवायची कुठं होती?

दुसऱ्या दिवशी गुरुजी भेटले. "काय थावरा, नागपूर ना?"

"हो गुरुजी."

पुढच्या आठवड्यात मामा येऊन गेला. "हैदराबादले येऊन राह्यला ना भाच्या?"

"हो मामा."

तुम्ही म्हणाल, काहून रे बावा? अहो, मोठ्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं? मला वाटलं, दोघांतला एक जण आपोआप विसरून जाईल. विसरतात कसले! गुरुजींनी वसतिगृहात जागा धरली. मामानं माझ्यासाठी खोलीला चुना दिला. बा रोज विचारी, "ठरलं?" मी म्हणे, "ठरलं." कोणतं, हे त्यानं मुद्दाम विचारलं नाही. पोराचा मान ठेवत होता बिचारा.

निघायचा दिवस उजाडला. यवतमाळच्या मोटार स्टँडवर अख्खा तांडा लोटला. मला न्यायला मामा आलेला, पोचवायला गुरुजी आलेले. नागपूरची आणि हैदराबादच्या वाटेवरची आदिलाबादची, दोन्ही मोटारी शेजारी शेजारी उभ्या! मामानं ट्रंक उचलली. "म्या जागा धरतो, तू ये." ट्रंक आदिलाबादच्या टपावर. तिकडं गुरुजींनी वळकटी उचलली. "लवकर ये रे!" वळकटी नागपूरच्या टपावर.

"आलोच!" मी दोघांनाही म्हणालो.

तेवढ्यात माझ्या याडीनं, म्हणजे आईनं, गळ्यात मिठी घातली आणि सूर लावला. आमच्यात नवरी सासरी निघाली, की बाया गळ्यात पडून गाण्यात रडतात. ढावलो म्हणतात त्याला. कॉलेजला जाणाऱ्या पोरासाठी कसं रडायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण आजवर कुणी गेलंच नव्हतं. मग काय, नवरीचंच गाणं लावलं! एक मावशी झाली, दुसरी आली, मग काकी. ढावलो मध्येच सोडून निघणं म्हणजे घोर अपमान.

आणि मी सुटायची धडपडही करत नव्हतो. जोवर रडणं चालू, तोवर ठरवायला नको! उलट मीच मावशीला घट्ट धरून ठेवलं.

इकडं मोटारी सुरू झाल्या. आत गर्दीत पुढं दबलेला मामा ओरडला, "चढला का रे पोट्टा?" मागून कुणीतरी ओरडलं, "चढला, चढला!" गुरुजींच्या मोटारीतही तेच झालं असावं. नागपूरची मोटार कळंबच्या रस्त्याला लागली, आदिलाबादची पांढरकवड्याच्या. मी मावशीच्या गळ्यात.

गाणं थांबलं. बा माझ्याजवळ आला. "कोणत्या मोटारीत बसाचं होतं तुले?"

मी आधी एका रस्त्याकडं पाहिलं, मग दुसऱ्या.

"म्हणजे ठरलंच नवतं?" तो हळूच म्हणाला. "मी तांडाभर सांगत फिरलो ना बावा, का माह्या पोरानं सोतानं ठरवलं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. बा चिडला असता तर बरं वाटलं असतं. पहिल्यांदाच मी नीट विचार केला. मामाकडं सुख होतं, पण तिथं मी जन्मभर भाचाच राहिलो असतो. कधी निजायचं, हेसुद्धा मामीनं ठरवलं असतं.

"बा, नागपूर."

"पक्कं?"

"पक्कं. मामाले मीच नाई म्हणतो."

बा हसला. "म्हण. पण ट्रंक गेली तिकडं."

नंतरच्या मोटारीनं नागपूर गाठलं. मामा असा रुसला, की पोळा आला तरी ट्रंक पाठवली नाही. कपडे सगळे तिच्यात! गुरुजींनी आपला पायजमा दिला. गुरुजी ताडमाड, मी एवढासा. नाडी कितीही आवळा, पायजमा खालीच. तसाच वर्गात गेलो.

प्राध्यापकांनी विचारलं, "कुणाच्या घरात व्यापाराची परंपरा आहे?"

शेटजींची पोरं उठली. मीही उठलो. "सर, आम्ही बंजारे. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलुखभर न्यायचे. एक गोण कधी इकडची तिकडं झाली नाही!"

"शाबास! याला म्हणतात वाहतूक. पण तुम्ही हा पायजमा असा दोन्ही हातांनी धरून का उभे आहात?"

"सर, माझा पायजमा ट्रंकेत आहे."

"मग काढा की ट्रंकेतून!"

"ट्रंक हैदराबादला गेली, सर."